शिवकांतानं न बघितलेला फोटो

जून महिन्यात आमच्या गल्लीतून चालायची सोय नसते. ट्रंका, गाद्या, बादल्या, आणि त्यांच्यामागे तोंड बारीक करून उभे असलेले आईबाप. लातूरला पोरं येतात ती डॉक्टर व्हायचं ठरवून येतात. ठरवलेलं बहुतेक बापानं असतं, ही गोष्ट वेगळी. माझ्या घराला लागूनच शिवकांताच्या मुलींसाठीच्या खोल्या आहेत आणि खाली तिची मेस. नवीन मुलगी आली की शिवकांता तिला आधी जेवायला वाढते आणि मग आईबापांच्या देखत सांगते, "फोनवर कुनी काय वंगाळ टाकलं, तर पुसायचं न्हाई. आधी माझ्याकडं यायचं. मी बघनार."

आईबाप चपापतात. औशाकडचे एक गृहस्थ तर चिडून म्हणाले होते, "आमची पोरगी तसल्यातली नाही हो."

"तसल्यातली कोनचीच नस्ती, दादा," शिवकांता म्हणाली. "टाकनारे तसले असत्यात. भाजी घ्या अजून."

हे शहाणपण तिच्याकडे उशिरा आलं. ज्या पोरीला ते हवं होतं ती तोवर गावी परत गेलेली होती. शिवकांताची गोष्ट मला त्या पोरीशिवाय सांगता येत नाही. तिलाही येत नाही.

मी इंदू. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. तोंड फटकळ आहे, शेजारीण असूनही शिवकांता मला अजून भिऊन 'बाई' म्हणते. पण ही बाई मला मनापासून आवडते, म्हणूनच तिच्या चुकीचा मला एवढा राग आला.

शिवकांता किल्लारीच्या बाजूची. भूकंप झाला तेव्हा लग्न होऊन पुरतं वर्ष झालं नव्हतं. गणपती बोळवून गाव झोपलं आणि पहाटेच्या आत दगडामातीची घरं माणसांवर बसली. नवरा गेला, सासू गेली. ही कशी वाचली ते तिलाही सांगता येत नाही. उजाडल्यावर ती ढिगावर बसून होती. डोक्यावर पदर नव्हता, चोळी खांद्यातून फाटलेली होती. गावातल्या ज्या बाया उरल्या होत्या त्यांनी तिच्याकडे न बघता, मान दुसरीकडे फिरवून, तिच्या अंगावर एक लुगडं टाकलं. त्या वेळी गावात सगळ्यांनी हेच केलं म्हणे. उघड्या पडलेल्या बाईकडे बघायचं नाही, हाताला येईल ते पांघरूण टाकायचं आणि पुढं जायचं. शिवकांता हे सांगताना अजूनही हात जोडते.

पण लुगडं पडायच्या आधी कुणीतरी फोटो काढलेला होता. तो पेपरात आला. तोंड वासून, फाटक्या चोळीत रडणारी शिवकांता. पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्यावर लांबलांबची माणसं मदतीचं सामान घेऊन यायची आणि सामान देता देता विचारायची, "ती पेपरातली पोरगी हीच का?" एकदा तर जीप भरून माणसं नुसती बघायला आली. शेडमधल्या बायाच तिला 'पेपरवाली' म्हणायला लागल्या. तिनं बाहेर पडणं सोडलं, पाणी भरायला जाणंसुद्धा.

मग तिचा थोरला भाऊ आला. तिला वाचता येत नव्हतं. भावानं तो पेपर आणलाच होता. शेडच्या उंबऱ्यावर तिच्या शेजारी बसून त्यानं तो उघडला, फोटो दाखवला, खाली काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. आणि म्हणाला, "हे बघ शिवे, पेपर हाय. उद्या शिळा हुतो. गप बस चार दिस."

तसंच झालं. काही महिन्यांनी औशाच्या स्टँडवर तिनं भजी घेतली तर पुडी त्याच पेपराची. तेल लागून फोटोतलं तिचं तोंड पार विरघळून गेलं होतं. "तितंच मी सुटले बघा, बाई," ती सांगते. भजी खाल्ली, कागद गटारीत टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी भरायला जाऊ लागली.

पुढं भावाच्या ओळखीनं ती लातुरात एका वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. क्लासेसचं पेव फुटलं, गल्लोगल्ली पोरं दिसू लागली, तशी तिनं स्वतःची मेस काढली. मग खोल्या. मुलींच्या खोल्यांवर स्लॅब आहे, ती स्वतः मात्र मागच्या पत्र्याखाली झोपते. डोक्यावर जड काही असलं की तिला झोप लागत नाही. पोरी हसतात, पण तिच्या हातची ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ल्यावर कुणाला दुसरी मेस चालत नाही. फोनचा तिचा नियम कडक. पापडाचा मोठा पत्र्याचा डबा आहे, त्यात सगळ्यांचे फोन. संध्याकाळी जेवणाआधी तासभर मिळणार, मग पुन्हा डब्यात. डब्यातून अधूनमधून घुर्र घुर्र आवाज येत राहतो आणि पापडाचा वास लागलेले फोन घेऊन पोरी आपापल्या आयांशी बोलत बसतात.

त्या पोरींत वैष्णवी होती. इस्लापूरची, किनवट तालुक्यातली. बाप अमृतराव तिथल्या शाळेत कारकून. पोरगी काळीसावळी, हसरी, अभ्यासाला भलतीच चिवट. गणित अडलं की भिंतीवरून मला हाक मारायची, "बाई, हे उत्तर न्हाई येऊन राहिलं." धबधब्याच्या गावची म्हणून मी तिला चिडवायचे की आमच्या लातुरात नळाला पाणी येतं तेव्हा तू दर्शन घेत जा. ती पहाटे उठायची, सगळ्यांच्या आधी. आणि म्हणूनच एक दिवस क्लासमध्ये, दुपारच्या तासाला, बाकावर मान टाकून झोपली. तोंड उघडं, ओठातून लाळ.

मागच्या बाकावरच्या गंधार नावाच्या पोरानं तिचा फोटो काढला. झालं एवढंच. क्लासच्या पोरांच्या ग्रुपवर तिच्या चेहऱ्याचं स्टिकर झालं, 'डॉक्टरीणबाई ऑपरेशन करताना'. पहिल्या दिवशी वैष्णवीनंही हसण्याचं चित्र टाकलं, कारण न हसलं तर आणखी हसतील. ज्यांनी कधी असलं सोसलं नाही ते इथं विचारतात, मग तेव्हाच का बोलली नाही? अहो, मार खाणारं पोरगं पहिल्यांदा हसतच असतं. शाळेत मी जन्मभर पाहिलंय.

मग त्या झोपलेल्या चेहऱ्याखाली दुसऱ्याच बाईचं अंग आलं. मग तिच्या नावानं एक खातं उघडलं गेलं, त्यावर तोच फोटो आणि खाली असा मजकूर की तो मी इथं लिहिणार नाही. अनोळखी पुरुषांचे मेसेज येऊ लागले. क्लासमध्ये ती आत शिरली की मागून घोरण्याचा आवाज यायचा. आणि नव्वद टक्के पोरांनी काहीच केलं नव्हतं, नुसतं पुढं पाठवलं होतं. त्यांना विचारा, ते अजूनही म्हणतील आम्ही काय केलं?

एका संध्याकाळी तिनं डब्यातून फोन घेतला आणि स्वयंपाकघरात गेली. तिची खोलीतली मैत्रीण, उदगीरची बुशरा, दारात उभी होती. पुढचं मला तिच्याकडूनच कळलं. शिवकांता भाकरी थापत होती.

"मावशी, जरा बघता का? पोरं माझं काय काय करून राहिले."

शिवकांतानं मान फिरवली. "नगं बाळा. मला नगं दावू. असलं बघू न्हाई."

"एकदा बघा ना, मावशी."

"फोन हितं ठिव. तू बी बघू नगं. चार दिसात शिळं हुतंय सगळं." पिठाच्या हातानं तिनं फोन घेतला, पापडाच्या डब्यात टाकला आणि झाकण लावलं. नंतर आठवडाभर तो वैष्णवीला दिलाच नाही.

तिच्या मनात काय होतं ते मला माहीत आहे. उघडी पडलेली लेक आहे, बघायचं नाही, पांघरूण टाकायचं. ढिगावर तिच्यासाठी बायांनी केलं तेच ती करत होती. पण फोन डब्यात गेला म्हणून फोटो थोडाच डब्यात गेला? तो लातूरभर फिरत होता, आणि तो कुठं पोचलाय हे कळायचं वैष्णवीचं एकमेव साधन तेवढं काढून घेतलं होतं. शिवाय तिच्या जुन्या शाळेतल्या दोन मैत्रिणी त्याच फोनवर तिला रोज धीर देत होत्या. त्याही बंद झाल्या. पोरगी जेवेना. क्लासला जायचं म्हणून निघायची आणि बागेत जाऊन बसायची.

मी तेव्हा नांदेडला होते, लेकीच्या बाळंतपणाला. असते तर काय दिवे लावले असते देव जाणे, पण नव्हते.

शेवटी शिवकांतानं आपल्याकडची रीत केली. आपल्याकडे भांडण पोलिसांत नेत नाहीत, बैठक घालतात. दोन्हीकडची मोठी माणसं बसतात, चहा होतो, धाकटा मोठ्याच्या पाया पडतो आणि मिटतं. शेताच्या बांधापासून सोयरिकीपर्यंत सगळं मराठवाड्यात असंच मिटतं आणि बऱ्याचदा चांगलंही मिटतं. तिनं इस्लापूरहून अमृतरावांना बोलावलं, अर्धापूरहून गंधारच्या वडिलांना बोलावलं, क्लासचा एक व्यवस्थापकही गंधारला आणि त्याच्या चार दोस्तांना घेऊन आला. मेसमध्ये सतरंजी अंथरली. गंधार मान खाली घालून रडला. रडणं खरं होतं, असं बुशरा म्हणते. तो वैष्णवीच्या पाया पडायला वाकला आणि ती मागं सरकली. व्यवस्थापक म्हणाला, "पोरीचं नाव बाहेर नको, क्लासचंही नको. झाकली मूठ सव्वा लाखाची." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग पोरांचे फोन पुढं आले आणि सर्वांसमक्ष सगळं पुसलं गेलं. शेवटी शिवकांतानं डब्यातून वैष्णवीचाही फोन काढला. त्यात पोरीनं सगळं जपून ठेवलं होतं. कुणी काय पाठवलं, कुठल्या खात्यावरून पाठवलं, त्या सगळ्याचे फोटो.

"मावशी, ते राहू द्या," वैष्णवी म्हणाली.

"आता झालं ना बाळा. घाण कशाला ठिवायची घरात?" शिवकांता म्हणाली आणि फोन अमृतरावांकडे दिला. त्यांनी पोरीच्याच हातून सगळं पुसून घेतलं. त्यांनीही बघितलं नाही, चष्मा काढून ठेवला होता. मग चहा आला.

मी नांदेडहून परतले तेव्हा शिवकांता खुशीत होती. "मिटलं, बाई," म्हणाली. महिना झाला नसेल, तेच खातं दुसऱ्या नावानं पुन्हा उभं राहिलं. गंधारनं केलं की आणखी कुणी, ते आजही कळलेलं नाही. हजार जणांकडे गेलेली गोष्ट पाच फोनांतून पुसून काय होणार होतं? या वेळी त्यावर आमच्या गल्लीचं नाव होतं. दोन मवाली मेसच्या दाराशी येऊन वैष्णवी कोण म्हणून विचारून गेले. शिवकांतानं त्यांना उलथनं घेऊन पळवलं, पण पोरगी त्या दिवसापासून खिडकीसुद्धा उघडेना.

मग आम्ही पोलिसांच्या सायबर शाखेत गेलो, शिवकांता, मी आणि वैष्णवी. तिथली तरुण पोलीसबाई चांगली होती. वैष्णवीला पाणी दिलं, समजुतीनं विचारलं. जुन्या खात्याचं नाव? आठवत नाही, पण त्याचा फोटो काढून ठेवला होता. तो कुठाय? पुसला. पहिल्यांदा कुणी पाठवलं याचा पुरावा? पुसला. ज्यांनी पाठवलं ते कबूल करतील? गंधारच्या वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, त्या दिवशी चहा पिऊन मिटलं की. आता आमचा काय संबंध?"

पोलीसबाईनं पेन खाली ठेवलं. "मावशी, असलं काही आलं की पुसायचं नसतं. त्याचा फोटो काढून ठेवायचा, खात्याचं नाव, तारीख जपायची, उत्तर द्यायचं नाही, खातं बंद करायला कंपनीला कळवायचं आणि लगेच आमच्याकडे यायचं. पोरीनं तर सगळं बरोबर केलं होतं."

नवीन खातं त्या बाईंनी बंद करवलं, तक्रारही घेतली. पण मुळापर्यंत जायची वाट आम्हीच बुजवली होती. त्याच आठवड्यात अमृतराव आले आणि पोरीचं सामान बांधलं. मी खूप वाद घातला. परीक्षा तोंडावर आहे, पोरगी हुशार आहे, माझ्या घरी राहू दे. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात जोडले. "बाई, लेकरू जित्तं घरी नेऊन राहिलो, तेच लई हाय." वैष्णवी रिक्षात बसली ती ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून. तिनं ती परीक्षा दिली नाही. पुढच्या वर्षीही दिली नाही.

त्यानंतरची शिवकांता मी पाहिली आहे. भाकरी करपायला लागली. दुपारी पापडाचा डबा मांडीवर घेऊन बसायची. मी रागाच्या भरात तिला खूप बोलले होते, आणि बोलायला हवंच होतं असं मला आजही वाटतं. पण एक दिवस ती म्हणाली, "बाई, भूकंपानं माझं घर पाडलं तर मी देवाला शिव्या दिल्या. ह्या लेकीचं घर मी पाडलं. तिनं कुनाला द्याव्यात?" तेव्हापासून मी तिला बोल लावणं सोडलं.

मग ती शिकायला लागली. अक्षरओळख पोरींनीच करून दिली, फोनही त्यांनीच शिकवला. रविवारी मेसमध्ये मी आणि ती पोरींना घेऊन बसतो. मी सांगते काय जपायचं, कुठं कळवायचं. ती सांगते की कुणाचं काही आलं तर पुढं पाठवू नका, पाठवलं की तुमचाबी हात लागला. डबा अजून आहे, पण मागितला की फोन मिळतो.

बुशरा पुढं नांदेडच्या मेडिकलला लागली. गेल्या वर्षी सुट्टीत ती आली आणि तिच्याकडून कळलं की वैष्णवी इस्लापुरातच आहे, घरी शिकवण्या घेते. शिवकांता म्हणाली, "बाई, मला न्या." आम्ही दोघी नांदेडहून रेल्वेनं गेलो. सोबत तिनं शेंगदाण्याची चटणी घेतली होती.

वैष्णवीनं दार उघडलं, वाकून नमस्कार केला, चहा केला. बारीक झाली होती. ओसरीवर लहान पोरं पाढे म्हणत होती, आणि गणित ती पूर्वीच्याच चिवटपणानं समजावत होती. भिंतीवर तिच्या भावाच्या लग्नाचा मोठा फोटो होता, घरातली सगळी माणसं होती. ती नव्हती. माझी नजर तिथं गेलेली पाहून तिची आई हळूच म्हणाली, "फोटोला न्हाई उभी राहत ती."

शिवकांतानं चटणीचा डबा पुढं केला आणि तिला रडू फुटलं. "बाळा, माझं लई चुकलं. मी पुसायला नको व्हतं."

"मावशी, पुसलं म्हणून मी तुमच्यावर रागावले न्हाई," वैष्णवी म्हणाली. आवाज शांत होता. "बाबांना बी तेच वाटलं, सगळ्यांनाच वाटलं. पण तुम्ही एकदा बघायचं व्हतं. साऱ्या लातूरनं बघून घेतलं, फक्त माझ्या माणसांनी न्हाई बघितलं. ते काय हाय हे मला एकटीलाच माहीत. अजून बी एकटीलाच."

"आता दाव," शिवकांता म्हणाली. "आता बघते मी."

"आता काय दाखवू, मावशी?" वैष्णवी म्हणाली आणि पोरांना पुढचा पाढा सांगायला उठली.

परतीच्या गाडीत शिवकांता खिडकीशी बसली होती. मला वाटलं डोळा लागला असेल.

"बाई," ती एकदम म्हणाली, "माझा पेपरातला फोटो मी एकटीनं न्हाई बघितला. दादा बाजूला बसला व्हता. त्यानं सगळा बघितला, खालचं वाचलं, माझ्या पाठीवर हात ठिवला, आन् मग म्हनला शिळा हुतो म्हनून." ती पदराशी चाळा करत राहिली. "मी त्याचं बोलनं तेवढं ध्यानात ठिवलं. तो बाजूला बसला व्हता, ते इसरले."